गंज, झीज आणि खर्च : कोल्हापुरात धातूच्या पृष्ठभागाचे काम करून घेताना

कोल्हापुरात लोखंडावर काही करून घ्यायचे तर कारागीर शोधत हिंडावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या ओतकाम आणि मशिनिंगच्या पट्ट्यात प्लेटिंग, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट, हार्डफेसिंग सगळे होते. अडते ते काम सांगताना. दुकानदार विचारतो, ‘झिंक करू का क्रोम?’ गिऱ्हाईक म्हणते, ‘जे टिकतंय ते करा.’ मग दर दुकानदार ठरवतो, आणि नेमके कशापासून टिकवायचे हे कोणीच ठरवत नाही.

भागाच्या वरच्या काही मायक्रॉनपासून काही मिलिमीटरपर्यंतच्या थरावर केलेला खर्च म्हणजे पृष्ठभागाचे काम. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आतला गाभा जसाच्या तसा राहतो. म्हणून पैसे द्यायचे ते थराच्या जाडीचे, कडकपणाचे आणि त्याआधीच्या साफसफाईचे. चमक त्यात आपोआप येते किंवा येत नाही. तिच्यावरून दर ठरवू नये.

दर जस्त, रसायने आणि वीज यांच्या भावाबरोबर हलतात. त्यामुळे या लेखातले रुपयांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या कोटेशनमधला आकडा घाला. जाडी, तापमान आणि कडकपणाचे आकडे मात्र मानकांतले आणि रोजच्या कामातले आहेत.

भाग कशाने गेला?

दुकानात जाण्याआधी खराब झालेला भाग उजेडात धरून बघा.

तांबूस पापुद्रे, खड्डे दिसत असतील आणि यंत्र बंद असतानाही ते वाढत असतील, तर तो गंज. एकाच दिशेने बारीक ओरखडे आणि गुळगुळीत झालेली कड असेल, तर माती, वाळू किंवा उसाबरोबर आलेली रेती घासून झालेली झीज. एका भागाचा धातू फाटून दुसऱ्यावर चिकटला असेल, तर तेल कमी पडून झालेले घर्षण. फिटरच्या भाषेत ‘सीझ झालंय’. आणि भाग मधोमध तुटला असेल, वाकला असेल, तर दोष जाडीत, मटेरियलमध्ये किंवा अलाइनमेंटमध्ये आहे. त्यावर कोणताही थर चढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

काही ठिकाणी दोन कारणे एकत्र येतात. पंचगंगेच्या काठावरच्या उपसा पंपाचा शाफ्ट गाळाच्या पाण्याने आणि ग्लँड पॅकिंगने घासतो. पावसाळ्यात पंप वर काढून ठेवला की तोच शाफ्ट गंजतो. इथे आख्खा शाफ्ट क्रोम करण्यापेक्षा पॅकिंगच्या जागी बदलता येणारी स्लीव्ह बसवणे आणि पंप ठेवताना गंजरोधक तेल लावणे स्वस्त पडते.

गेट, शेड, गोठा : गंजाचा हिशेब

लोखंडाला जस्ताचे संरक्षण दोन तऱ्हांनी मिळते आणि दोन्हींना बाजारात ‘झिंक’च म्हणतात. विजेच्या टाकीतले झिंक प्लेटिंग साधारण ५ ते १२ मायक्रॉनचे असते. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये भाग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे ५ मिलिमीटर आणि त्यापेक्षा जाड पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, २ ते ५ मिलिमीटरच्या दरम्यान ४६० ग्रॅम जस्त बसले पाहिजे. म्हणजे सुमारे ८५ आणि ६४ मायक्रॉन.

या आकड्यांची वर्षे करता येतात. मध्यम गंजाच्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, असे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण सांगते. सर्वांत वाईट आकडा धरला तरी ६४ मायक्रॉनला ३० वर्षे मिळतात. ८ मायक्रॉनच्या प्लेटिंगला चार. गगनबावड्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात किंवा रसायनांच्या कारखान्याशेजारी यापेक्षा वरचा वर्ग धरावा. तिथे वर्षाची झीज २.१ ते ४.२ मायक्रॉन होते आणि आयुष्य निम्म्यावर येते. नटबोल्ट, क्लॅम्प, घरातल्या वस्तू यांना प्लेटिंग पुरे. उघड्यावरच्या शेडला नाही.

गॅल्व्हनायझिंगचा दर किलोवर असतो, पण जस्त वजनाला चिकटत नाही, पृष्ठभागाला चिकटते. १० मिलिमीटर जाड प्लेटच्या एका किलोवर सुमारे १५ ग्रॅम जस्त बसते; २ मिलिमीटर पत्र्याच्या एका किलोवर ५८ ग्रॅम, जवळजवळ चौपट. म्हणून पातळ पाइपच्या गेटला जाड चॅनलच्या शेडपेक्षा किलोमागे जास्त दर सांगितला तर ती लूट समजू नका. उलट पातळ मालाला फारच कमी दर मिळाला, तर जस्त कुठे वाचवले ते विचारा.

उदाहरण घेऊ. ४० बाय ४० चौकोनी, २ मिलिमीटर जाड पाइपचे ८० किलोचे गेट. गॅल्व्हनायझिंगचा दर किलोला ३० रुपये धरला तर २,४०० रुपये, १८ टक्के जीएसटी ४३२, एकूण २,८३२ आणि वर टेम्पोभाडे. याच गेटला रेडऑक्साइड आणि ऑइलपेंट मारायला एका वेळी २,५०० रुपये लागतात असे धरा. रंग दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागला, तर दुसऱ्या रंगालाच गॅल्व्हनायझिंग स्वस्त ठरते.

पावडर कोटिंगचा भाव चौरस फुटावर चालतो. इथे पहिला प्रश्न असा : चौरस फूट कसा मोजणार? गेटच्या बाहेरच्या मापाने की पाइपच्या प्रत्यक्ष पृष्ठभागाने? वरच्या गेटमध्ये सुमारे साडेतेहेतीस मीटर पाइप आहे. त्याची बाहेरची बाजू जवळजवळ ५८ चौरस फूट भरते. गेटचे माप दहा बाय पाच फूट असेल तर बाहेरच्या मापाने ५० चौरस फूटच होतात. दोन कोटेशनची तुलना करण्याआधी मोजण्याची रीत एक करून घ्या.

दुसरा प्रश्न पावडरीचा. उन्हातल्या कामाला प्युअर पॉलिएस्टर. इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्रण घरातल्या फर्निचरला ठीक. नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते. तिसरा प्रश्न टाक्यांचा. पावडर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसते आणि १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजली जाते, पण ती धरून ठेवते आधीची तेल काढणे, गंज काढणे आणि फॉस्फेटिंगची साखळी. बोलीत तिला ‘सेव्हन टँक’ म्हणतात. कापडाने पुसून मारलेली पावडर पहिल्या पावसाळ्यात चांगली दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात नखाने निघते.

एक फरक लक्षात ठेवा. पावडरीवर ओरखडा पडला की तिथून गंज थराखाली सरकत जातो. जस्तावर ओरखडा पडला तर शेजारचे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. ज्यांना रंगही हवा आणि टिकाऊपणाही, ते गॅल्व्हनायझिंगवर पावडर करतात. खर्च दोन्हींचा पडतो.

गोठ्याचे लोखंड सर्वांत आधी जमिनीलगत जाते. शेण, मूत्र आणि रोजचे धुणे जस्तालाही सोसत नाही. खांब थोड्या उंच काँक्रीटच्या बैठकीवर उभा करा आणि खालच्या फूट-दीड फुटाला जस्तावर इपॉक्सी रंग द्या. गुऱ्हाळवाल्यांसाठी वेगळी सूचना : उसाचा रस आम्लधर्मी असतो आणि जस्त आम्लात विरघळते. रसाच्या टाकीला, पन्हाळीला गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नये; तिथे स्टेनलेस स्टीलच घ्यावे.

जिवाशी निगडित मुद्दा : बंद तोंडाचा पाइप गॅल्व्हनायझिंगला पाठवू नका. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो टाकीत फुटू शकतो. हवा आणि जस्त जाण्यायेण्यासाठी भोके कुठे पाडायची, हे फॅब्रिकेटरने गॅल्व्हनायझरला आधीच विचारायचे असते. टाकीची लांबीही तेव्हाच विचारा, म्हणजे तयार काम कापायची वेळ येणार नाही.

शाफ्ट आणि रॉड : क्रोमचा हिशेब

मोटारसायकलच्या हँडलवरचा क्रोम आणि ट्रॉलीच्या हायड्रॉलिक रॉडवरचा क्रोम दिसायला सारखाच असतो. हँडलवर निकेलच्या थरावर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ क्रोम असतो, शोभेपुरता. रॉडवर थेट २० ते ५० मायक्रॉनचा हार्ड क्रोम असतो. त्याचा कडकपणा ८५० ते १,००० विकर्सच्या (कडकपणाचे एक माप) घरात. काम सांगताना नुसते ‘क्रोम’ म्हणू नका. ‘हार्ड क्रोम, ग्राइंडिंगनंतर अमुक मायक्रॉन’ असे म्हणा. प्लेटिंगनंतर ग्राइंडिंग होते आणि त्यात थर कमी होतो, म्हणून ‘नंतर’ हा शब्द महत्त्वाचा.

हार्ड क्रोमचा भाव बहुधा चौरस इंचावर आणि जाडीवर लागतो. ५० मिलिमीटर व्यासाचा, ६०० मिलिमीटर लांबीचा रॉड सुमारे १४६ चौरस इंच भरतो. इंचाला ५ रुपये धरले तर ७३० रुपये. पण बिल तिथे संपत नाही : जुना क्रोम उतरवणे, आधीचे ग्राइंडिंग, नंतरचे ग्राइंडिंग, जीएसटी. कधी कधी ही बेरीज तयार क्रोम बार आणून टर्निंग करण्याच्या जवळ जाते. म्हणून दोन्ही कोटेशन घ्या.

क्रोम कुठे नको तेही पाहा. २५ मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी मिळून व्यास ०.०५ मिलिमीटरने वाढवतो. तुमच्या शाफ्टवर नख अडकण्याइतकी, म्हणजे तीन-चार दशांश मिलिमीटरची खाच असेल, तर ती क्रोमने भरणे महाग पडते, कारण टाकीत तासाला जेमतेम २५ मायक्रॉनच्या आसपास थर चढतो. अशा वेळी वेल्डिंगने भरून टर्निंग, मेटल स्प्रे किंवा स्लीव्ह हे मार्ग बघा. शिवाय हार्ड क्रोमला केसासारख्या बारीक भेगा असतात. झिजेला तो पक्का, पण सतत ओल्या जागी त्या भेगांतून पाणी पोलादापर्यंत पोहोचते. तिथे खाली निकेलचा थर किंवा मुळातच स्टेनलेस रॉड हवा.

उच्च ताकदीचे बोल्ट, स्प्रिंगा किंवा कडक केलेले भाग प्लेटिंगला देताना ‘बेकिंग’ लिहून द्या. टाकीत पोलादात शिरलेला हायड्रोजन काढण्यासाठी भाग सुमारे २०० अंशांवर काही तास तापवावा लागतो, तोही प्लेटिंगनंतर लगेच. हे वगळले तर वरून चकचकीत असलेला बोल्ट भार येताच कट्‌कन तुटतो.

गिअर आणि पिन : पाणी देण्याचा हिशेब

लोहार विळ्याला पाणी देतो तेच काम हीट ट्रीटमेंटवाला मोजून देतो. इथे थर बाहेरून चढत नाही. त्याच पोलादाची वरची कातडी कडक होते. भाव किलोवर असतो. तीन मुख्य प्रकार आहेत.

केस कार्बुरायझिंग : कमी कार्बनच्या पोलादाला, उदाहरणार्थ २० एमएनसीआर ५ किंवा ईएन-३५३. सुमारे ९०० ते ९३० अंशांवर, एक मिलिमीटरच्या आसपास खोली, ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा). भाग थोडा वाकतो-फुगतो, म्हणून नंतर ग्राइंडिंगचा खर्च धरा.

इंडक्शन हार्डनिंग : ईएन-८, ईएन-१९ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाला, हवी तेवढीच जागा तापवून. वेळ कमी लागतो. एकसारखे भाग असतील तर स्वस्त.

नायट्रायडिंग : सुमारे ५०० ते ५७० अंशांवर, थर पातळ, पण माप फारसे हलत नाही. म्हणून ते सर्व मशिनिंग झाल्यावर शेवटी करतात. नंतर ग्राइंडिंग केले तर पैसे मोजून आणलेली कातडीच सोलली जाते.

इथे बहुतेक नुकसान होते ते मटेरियल चुकीचे सांगितल्याने. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) नायट्रायडिंग करून फारसा कडकपणा येत नाही, आणि दोष मात्र भट्टीवर येतो. बार घेतानाच टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्याची प्रत मालाबरोबर द्या. दुसरे, भट्टीची किमान रक्कम असते. बारा किलोच्या एका गिअरसाठी स्वतंत्र बॅच मागितली तर पूर्ण भट्टीचे पैसे पडतात. तशाच मटेरियलच्या दुसऱ्या मालाबरोबर लावायला सांगितले आणि चार दिवस थांबायची तयारी ठेवली, तर किलोच्या भावात होते.

रोटाव्हेटरची पाती : एकराचा हिशेब

साखर कारखान्यांत रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे थेंब टाकणे (रोलर आर्किंग), फायबरायझरचे हातोडे आणि ऊस कापणाऱ्या सुऱ्या यांना हार्डफेसिंग करणे, म्हणजे वेल्डिंगने कडक थर चढवणे, ही नेहमीची कामे आहेत. तेच तंत्र शेतकऱ्याच्या पात्याला लागते, पण ते परवडते का हे एकरावर ठरवावे.

समजा, नवे पाते १५० रुपयांचे आणि ते ४० एकर चालते : एकराला पावणेचार रुपये. हार्डफेसिंगचे आणखी ६० रुपये घातले तर पाते २१० चे झाले. ते ५६ एकरांच्या पुढे गेले तरच फायदा. ७० एकर चालले तर एकराला ३ रुपये. ५० वर थांबले तर ४ रुपये २० पैसे, म्हणजे तोटा. तुमच्या जमिनीत काय होते हे कळायला रोटरवर समोरासमोरच्या जोड्या लावा, निम्म्या हार्डफेसिंग केलेल्या, निम्म्या साध्या. एका हंगामात उत्तर मिळते.

वेल्डरला तीन गोष्टी सांगा. वेल्डिंग फक्त धारेवर आणि टोकावर, बोल्टच्या भोकांजवळ नाही. एका पात्यावर सलग टाके न मारता पाती बदलत, थंड होऊ देत काम करायचे. नाहीतर पात्याचे मूळचे पाणी उतरते आणि ते वाकते किंवा तुटते. आणि दोन-तीन थरांपेक्षा जास्त नको. जास्त क्रोमियमच्या हार्डफेसिंगवर आडव्या बारीक भेगा दिसतात. त्या स्वाभाविक आहेत. रॉडचा भाव करताना धरा की घेतलेल्या वजनापैकी बराच भाग स्लॅग आणि उरलेल्या थोटकांत जातो.

इंजिन : घर्षणाचा हिशेब

शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेल्या या शहरात रिबोअरिंगचे कारागीर जुने आहेत. इथे महागडा थर मागण्याआधी होनिंगकडे बघा. लायनरची भिंत आरशासारखी नको. तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांत तेल टिकते. क्रोम केलेल्या लायनरमध्ये क्रोमच्या रिंगा घालू नयेत. सारखेच दोन कडक पृष्ठभाग एकमेकांना खातात. चुकीच्या जोडीने गेलेल्या लायनरपेक्षा योग्य रिंगांचा सेट नेहमी स्वस्त.

ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ साली घर्षण-झीज नीट सांभाळली तर उद्योगांचे वर्षाला किती वाचेल याचा अंदाज मांडला होता : ५१ कोटी ५० लाख पौंड. त्यात घर्षणात जाणाऱ्या ऊर्जेची बचत होती फक्त २ कोटी ८० लाखांची. दुरुस्ती आणि बदलीचे २३ कोटी, बंद पडण्याने होणाऱ्या नुकसानीचे साडेअकरा कोटी. म्हणून तुमच्याही हिशेबात भागाची किंमत आणि कामाचा दर यांत काढण्या-बसवण्याची मजुरी आणि यंत्र बंद राहण्याचे दिवस मिळवा, मग त्याला वर्षांनी, तासांनी किंवा एकरांनी भागा. पाण्याची पाळी चुकवणाऱ्या स्वस्त शाफ्टची खरी किंमत तेव्हा दिसते.

बिल आणि चलन

कोटेशनमध्ये ही खाती वेगवेगळी लिहून मागा : जुना थर उतरवणे, शॉट ब्लास्टिंग किंवा आम्लाने सफाई, झाकायच्या जागांचे मास्किंग, मुख्य प्रक्रिया, नंतरचे ग्राइंडिंग, किमान बिल, जीएसटी, वाहतूक. एकरकमी स्वस्त दरात गाळले जाते ते बहुधा सफाईचे काम, कारण ते झाकले जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या कारखानदाराला कराची वजावट मिळते, घरगुती गिऱ्हाइकाला नाही. म्हणून घराच्या कामात करासहितची रक्कमच तुलनेला घ्या.

‘बिलाशिवाय करून देतो’ म्हणणाऱ्याचे प्लेटिंग स्वस्त असते, पण त्याचे सांडपाणी कुठे जाते हेही विचारा. हार्ड क्रोमच्या टाकीतला षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. प्लेटिंगला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती दाखवणाऱ्याच्या दरात सांडपाणी प्रक्रियेचा खर्च आहे. न दाखवणाऱ्याचा तो खर्च पंचगंगा भरते.

चलनावर ‘क्रोम करणे – १ नग’ एवढेच असेल तर वादात तुमचा कागद शून्य. असे लिहा : ‘रॉड १ नग, ईएन-८, व्यास ५०, लांबी ६००. हार्ड क्रोम, ग्राइंडिंगनंतर किमान २५ मायक्रॉन प्रति बाजू. अंतिम व्यास ड्रॉइंगप्रमाणे. दोन्ही टोकांचे आटे मास्क करणे. रिजेक्ट झाल्यास पुन्हा काम विनामूल्य. भाग खराब झाल्यास भरपाई : …’ ही शेवटची जागा देण्याआधीच भरा. अनेक ठिकाणी जबाबदारी फक्त जॉबवर्कच्या रकमेपुरतीच धरतात. तुमचा भाग त्याच्या दहापट किमतीचा असू शकतो.

माल ताब्यात घेताना

जाडी : चुंबकीय गेजने पाच-सहा ठिकाणी मोजून मागा, कोपऱ्यात आणि खोबणीतही. पावडर कोटिंग : नमुन्याच्या तुकड्यावर ब्लेडने बारीक चौकडी मारून चिकटपट्टी ओढा, चौकोन सुटले तर सफाई कच्ची. कडकपणा : रॉकवेलचा रिपोर्ट घ्या, यंत्र नसेल तर बिनकामाच्या कोपऱ्यात कानस मारून बघा, ५८ एचआरसीच्या वर ती घसरते, चावत नाही. गॅल्व्हनाइज्ड बोल्टला जस्तामुळे साधा नट बसत नाही. मोठे आटे पाडलेला नट जोडीनेच घ्या.

‘इतक्या तासांचा सॉल्ट स्प्रे’ (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी) हा आकडा दोन दुकानांची तुलना करायला उपयोगी. त्याची वर्षे करून कोणी आयुष्य सांगत असेल, तर ते लेखी मागा.

वेळही खर्चात येतो. गळीत हंगाम संपला की कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगची कामे वर्कशॉपमध्ये येतात, त्यामुळे रोटाव्हेटर, पंप आणि ट्रॉलीची कामे त्याआधी उरका. पावसाळ्यात दमट हवेने साफ केलेल्या लोखंडावर काही तासांतच तांबूस झाक येते. त्या दिवसांत सफाई आणि कोटिंग एकाच छपराखाली, एकाच दिवशी करणाऱ्यालाच काम द्या, चार रुपये जास्त पडले तरी.